बूम नसलेलं शीड: छोटी बोट चालवण्याची सविस्तर कृती

शिडाच्या छोट्या बोटीत पहिल्यांदा बसलेल्या माणसाला पहिली सूचना मिळते ती “डोकं खाली!” अशी. मुख्य शिडाच्या तळाशी आडवा दांडा असतो, तो बूम. बोट वळली की तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सणकन जातो आणि वाटेत डोकं आलं तर त्यावर आपटतो. काही बोटींना हा दांडाच नसतो. घरातली मुलं, आईवडील, जेवणाचे डबे असं सगळं घेऊन पाण्यावर जायचं असेल, तर अशी बोट मला सर्वांत योग्य वाटते.

मात्र बूम काढला म्हणून त्याचं काम संपत नाही. शिडाचा मागचा खालचा कोपरा, म्हणजे क्लू, डोलकाठीपासून लांब ताणून धरणं आणि वर उचलू न देणं ही दोन्ही कामं बूम करत असतो. तो नसेल तर ही दोन्ही कामं एका दोरावर येतात. क्लूला बांधलेल्या या दोराला शीट म्हणतात. शीट किती ओढायची एवढंच शिकून इथे भागत नाही. ती बोटीवर नेमकी कुठून ओढायची, हे कळायला हवं. पुढचं जवळजवळ सगळं त्या एका गोष्टीबद्दल आहे.

उदाहरणासाठी मी इंग्लंडची ड्रॅस्कोम लगर घेतो. जॉन वॉटकिन्सन या रॉयल नेव्हीतल्या माजी अधिकाऱ्याने ती १९६० च्या दशकात आखली आणि १९६८ च्या लंडन बोट शोमध्ये ती लोकांपुढे आली. लांबी पावणेएकोणीस फूट, रुंदी सव्वासहा फूट, आणि मधला पत्रा, म्हणजे बोट बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेला पत्रा, वर घेतला की जेमतेम दहा इंच पाण्यातही तरंगते. तिला तीन शिडं असतात: पुढे जिब, मधे बूम नसलेलं मुख्य शीड, आणि अगदी मागे छोटंसं मिझन. अमेरिकी खलाशी वेब चाइल्स १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातून अशीच उघडी लगर घेऊन पॅसिफिकमध्ये उतरला होता. आपल्याला तेवढं लांब जायचं नाही. शांत खाडीत किंवा मोठ्या तलावात एक दुपार नीट घालवता आली तरी पुष्कळ. इथली बहुतेक कृती बूम नसलेल्या इतर छोट्या बोटींनाही लागू पडते.

निघण्याआधी

शीड काठावरच उभारून पाहा, बोट ट्रेलरवर असतानाच. लगरच्या मुख्य शिडाचा वरचा भाग एका दांड्याला बांधलेला असतो. कोकणातल्या होड्यांवरच्या परबाणासारखाच हा दांडा, फक्त तिरका न राहता डोलकाठीला जवळजवळ समांतर उभा राहतो. वर चढवताना तो डोलकाठीला घट्ट चिकटेपर्यंत ओढा. हा दांडा अर्धवट लोंबत राहिला की शिडाची पुढची कड सैल पडते, आणि मग खाली शीट कितीही ओढली तरी शीड नीट बसत नाही. पुढच्या कडेला एक बारीक उभी सुरकुती दिसली की ताण बरोबर आहे असं समजा. पाण्यावर वारा भरला की ती नाहीशी होते. वारा भरूनही राहिली, तर दोर थोडा सोडा.

आता क्लू तपासा. इथे कुणी जड धातूची कप्पी किंवा शॅकल, म्हणजे जोडायची कडी, लावली असेल, तर ती काढून शीट थेट गाठीने बांधता येते का ते बघा. बूम नसला तरी शीड फडफडायला लागलं की क्लू हवेत चाबकासारखा फिरतो. त्या टोकाला लोखंड असेल तर दात पडण्याइतका मार बसू शकतो. मऊ, विणीचा, साधारण १० मिलिमीटर जाडीचा दोर घ्या. त्याहून बारीक दोर हाताला कापतो. गाठ बोलाइनची मारा. ती भाराखाली सुटत नाही आणि भार गेला की सहज सोडवता येते.

शीट लांब असू द्या. वारा पाठीवर असताना क्लू बोटीच्या बाहेर, पार पुढे जातो, तिथपर्यंत ती पुरली पाहिजे. टोकाला आठच्या आकाराची गाठ मारा. आणि उघड्या छोट्या बोटीत मुख्य शिडाची शीट कधीही कायमची बांधून ठेवू नका. खुंटीभोवती एक वेढा आणि दोर हातात, बस. वाऱ्याचा झोत आला की क्षणात सोडता आली पाहिजे. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून बसायचं. इंग्लंडमध्ये मे महिन्यातही पाणी इतकं थंड असतं की पट्टीचा पोहणारा काही मिनिटांत गळून जातो.

शीट कुठून ओढायची

बोटीवर शीट जिथून वळून तुमच्या हातात येते, त्या जागेला इथे मी ओढीचा बिंदू म्हणतो. मांडण्या वेगवेगळ्या असतात. काही बोटींवर जिबसारख्या दोन शीट असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. काहींवर एकच शीट दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतून फिरवलेली असते. अगदी साध्या बोटीत एकच दोर दर वळणाला हाताने या बाजूच्या खुंटीवरून त्या बाजूच्या खुंटीवर नेतात. मांडणी कोणतीही असो, नियम तोच.

चादरीचा एक कोपरा हातात धरून ओढा. हात खाली नेला तर एक कड ताठ होते आणि दुसरी लोंबते. हात बाजूला नेला तर उलट होतं. शिडाच्या क्लूचंही असंच आहे. ओढीचा बिंदू फार मागे असेल तर तळाची कड ताणली जाते, पण मागची कड उघडी पडते, शीड वरच्या भागात पिळवटतं आणि तिथला वारा वाया जातो. बिंदू फार पुढे असेल तर मागची कड दोरीसारखी ताठ होते, आतल्या बाजूला वळते आणि खाली शिडाला पोट सुटतं. मग बोट पुढे जायच्या ऐवजी आडवी कलत राहते.

सुरुवातीला क्लूपाशी उभे राहून बघा. मागची कड आणि तळाची कड यांच्यामधल्या कोनाचे शीटच्या रेषेने साधारण दोन सारखे भाग व्हावेत. ही झाली सुरुवात. खरी परीक्षा पाण्यावर. शीड भरलेलं असताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हळूहळू वाऱ्याकडे न्या आणि पुढच्या कडेकडे लक्ष ठेवा. वरचा भाग आधी फडफडला तर बिंदू पुढे घ्या. खालचा भाग आधी फडफडला तर मागे घ्या. पूर्ण कड एकदम थरथरली की जागा बरोबर. त्या जागी बोटीच्या काठावर रंगीत दोऱ्याची खूण करून ठेवा. पुढच्या कडेजवळ लोकरीचे दोन-तीन तुकडे चिकटवले तर हे आणखी लवकर दिसतं.

छोट्या बोटीत ही जागा हवी तेवढी बदलता येत नाही. मागे जाऊन जाऊन बोटीचं टोकच येतं. पण दोन बोटं पुढेमागे केल्यानेही फरक दिसतो. काठावर एकेका वीतभर अंतराने तीन खुंट्या असतील तर जवळजवळ सगळं साधतं.

वाऱ्याच्या विरुद्ध चढताना

वाऱ्याच्या अगदी तोंडावर कोणतीच शिडाची बोट जात नाही. नागमोडी चढावं लागतं. लगरसारख्या बोटीने इथे हाव धरू नये. आधुनिक रेसिंग बोटीइतकी ही वाऱ्याच्या जवळ जात नाही, आणि जबरदस्तीने तिची नाळ आणखी वर, म्हणजे वाऱ्याकडे, धरली की वेग मरतो, मधला पत्रा पाण्याला धरत नाही आणि बोट बाजूला सरकत राहते. नाळ जरा खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, ठेवा, शिडं भरलेली ठेवा, बोटीला पळू द्या. दिशा थोडी वाईट दिसली तरी वर पोहोचाल लवकर.

शीट इथेही अगदी दगडासारखी घट्ट ओढू नका. बूम नसताना फार ओढलं तर शिडाचा सगळा आकार जातो आणि ते फळीसारखं होतं. आधी ओढा, मग हातभर सोडून पाहा. वेग वाढला तर आधी जास्त ओढलं होतं.

झोत आला तर शीट सोडा. या मांडणीचा मोठा गुण इथे दिसतो. क्लू लगेच वर उचलला जातो, शीड वरून पिळवटतं आणि जास्तीचा वारा निघून जातो. बोट सरळ होते, पाण्यात बूम घासत नाही. पण फडफडणारं शीड तसंच ठेवू नका. कापड आणि शिलाई दोन्ही त्यात झिजतात, आणि क्लू जवळ बसलेल्यांना लागतो.

टॅक, म्हणजे वाऱ्यातून वळणं

आधी वेग हवा. नाळ थोडी खाली घेऊन बोट पळवा. वळायची बाजू मोकळी आहे का ते बघा, बरोबरच्यांना सांगा. मग सुकाणूचा दांडा शिडाच्या बाजूला हळूहळू ढकला. झटका दिला तर सुकाणू ब्रेकसारखं काम करतं. नाळ वाऱ्यात येईपर्यंत मुख्य शीड ओढलेलंच असू द्या. ती वाऱ्यातून पलीकडे जाऊ लागली की जुनी शीट सोडा, नवी हातात घ्या, आणि शीड पलीकडे भरलं की ओढा.

जिब मात्र लगेच सोडायची नाही. जुन्या बाजूलाच धरून ठेवली की वारा तिच्या उलट्या बाजूवर भरतो आणि नाळ पलीकडे ढकलली जाते. हलक्या वाऱ्यात या युक्तीशिवाय लगर वळणारच नाही, असं मी नवख्यांना आधीच सांगून ठेवतो. मिझन वळणाच्या पहिल्या भागात मदत करतं, कारण ते मागचा भाग वाऱ्यापासून दूर ढकलून नाळ वाऱ्याकडे आणतं. पण नाळ वाऱ्यात आली की तेच मिझन तिला तिथे रोखून धरतं. म्हणून त्या क्षणी मिझनची शीट सोडा.

बोट वाऱ्यात अडकलीच तर ती हळूहळू मागे सरकू लागेल. मागे जाताना सुकाणू उलटं चालतं, म्हणून दांडा जिकडे नाळ न्यायची तिकडेच ढकला. जिब त्याच्या विरुद्ध बाजूला धरा. दहा-पंधरा सेकंदांत नाळ वाऱ्यातून बाजूला पडते. घाईघाईने वल्ही काढायची गरज नसते.

वारा बगलेवर आणि मागून

वारा बगलेवर येतो तेव्हा शीट सोडावी लागते, आणि बूम नसल्याची खरी अडचण इथे सुरू होते. बूम असता तर क्लू बाहेर गेला असता, पण खालीच राहिला असता. इथे शीट सोडली की क्लू वर जातो आणि डोलकाठीच्या दिशेनेही सरकतो. शिडाला पोट सुटतं. म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीट सोडूनही बोट कलतच राहते, कारण शीड आणखी फुगलेलं असतं. बूम असलेल्या बोटीची सवय असलेले लोक इथे चकतात.

उपाय असा: ओढीचा बिंदू बाहेर आणि पुढे न्या. बाहेर म्हणजे वाऱ्यापलीकडच्या काठावर, अगदी कडेला. पुढे म्हणजे शीट जास्त करून खाली ओढेल इतका. दुसऱ्या छोट्या दोराचा फास शीटभोवती घालून ती काठाकडे खेचून धरली तरी चालतं. एवढ्यानेही शीड आवरत नसेल तर ते लहान करायची वेळ झाली आहे.

वारा थेट पाठीवर असेल तर बूम नसलेलं शीड सर्वांत कमी उपयोगाचं. क्लू आत कोसळतो, शीड भरतं, रिकामं होतं, पुन्हा भरतं, आणि बोट डुलत राहते. दोन मार्ग आहेत. पहिला, आणि मी बहुतेक वेळा हाच घेतो: थेट वाऱ्यापुढे जाऊच नका. वारा एका मागच्या कोपऱ्यावर घ्या, काही अंतर जा, मग जाइब करून, म्हणजे वाऱ्याला पाठ देऊन वळून, दुसऱ्या कोपऱ्यावर घ्या. अंतर वाढतं, पण वेगही वाढतो आणि बोट स्थिर राहते.

दुसरा मार्ग म्हणजे क्लू काठीने बाहेर धरणं. शिडाच्या तळाच्या कडेइतकी लांब काठी घ्या. बोटीवरचा हुक किंवा वल्हंही चालतं. एक टोक क्लूच्या कड्यात, दुसरं डोलकाठीला दोराच्या फासाने अडकवा. जिब दुसऱ्या बाजूला भरू द्या. हलक्या वाऱ्यात हे फार छान चालतं. वारा वाढत असेल, किनारा जवळ असेल किंवा लाटा उंच असतील तर काठी लावू नका. ती पटकन निघत नाही, आणि बोट डुलताना तिचं टोक पाण्यात गेलं तर सगळं एका बाजूला खेचलं जातं. मागून जोराचा वारा असेल तर मिझन गुंडाळून टाका, नाहीतर ते नाळ सारखी वाऱ्याकडे वळवत राहतं.

जाइब

जाइब म्हणजे वाऱ्याला पाठ देऊन वळणं, आणि बूम असलेल्या बोटीत सगळ्यांना धास्ती असते ती याचीच. इथे ते बरंच सौम्य असतं. तरी क्रम चुकवू नका. आधी “जाइब” असं मोठ्याने सांगा. मग शीट हातावर हात घेत आत ओढा, क्लू बोटीच्या मधोमध येईपर्यंत. आता सुकाणू हलकेच फिरवा. शीड पलीकडे भरलं की शीट लगेच, पण हातातून घसरू न देता, सोडा. दोन शीट असतील तर जुनी सोडण्याआधी नवी हातात असली पाहिजे. क्लू न आवरता, शीट सैल असतानाच वळलात तर शीड डोलकाठीच्या पुढून फिरून तिथे गुंडाळतं, आणि ते सोडवायला नाळेवर जावं लागतं. लाटांमध्ये छोट्या बोटीच्या नाळेवर माणूस नको.

कोकण किनाऱ्यावरचे मचवेही बूमशिवायच चालत आले. तिथे तिरकं परबाण आणि मोठं शीड डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यावं लागतं, म्हणून अशी शिडं वाहणारे खलाशी वाऱ्यातून वळण्यापेक्षा वाऱ्याला पाठ देऊन वळणं पसंत करत. क्लू मोकळा असलेलं शीड वाऱ्याच्या पाठीवरून नेणं सोपं जातं. लगरमध्येही, लाटा उभ्या असतील आणि टॅक होत नसेल, तर तीच वाट घ्या: खाली वळून, पूर्ण फेरी मारून दुसऱ्या बाजूने चढा. थोडं अंतर जातं, पण बोट हातात राहते.

शीड लहान करणं

वारा बोफर्ट मापात, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या मापात, चारच्या वरच्या टोकाला, म्हणजे ताशी १५-१६ नॉटिकल मैलांच्या आसपास आला, की नवख्याने लगरचं मुख्य शीड लहान करावं. लाटांचे शेंडे पांढरे दिसू लागले, बोट कलून काठाजवळ पाणी येऊ लागलं, शीट सारखी सोडावी लागली, की थांबायचं नाही.

मिझनमुळे हे काम शांतपणे करता येतं. जिब गुंडाळा. मिझनची शीट घट्ट ओढून ते मधोमध करा. मुख्य शीड उतरवा. बोट आपोआप नाळ वाऱ्याकडे करून, थोडे झोके घेत उभी राहते. दोन्ही हात मोकळे होतात. जेवायला, रेनकोट चढवायला, नकाशा बघायलाही हीच स्थिती वापरा. मात्र बोट हळूहळू वाऱ्याबरोबर सरकत असते, तेव्हा मागे पुरेसं मोकळं पाणी आहे का ते आधी पाहा.

मग असं करा:

१. शिडाच्या पुढच्या कडेवर वर असलेलं दुसरं कडं खाली आणून डोलकाठीच्या पायाशी बांधा.

२. मागच्या कडेवरच्या वरच्या कड्यात शीट बांधा. जुन्या क्लूची गाठ सोडण्याआधी नव्या कड्यात दुसरा दोर बांधलेला असला तर शीड एक क्षणही मोकाट राहत नाही. यासाठी एक जादा दोर नेहमी हाताशी ठेवा.

३. खाली जमलेलं कापड गुंडाळी करून शिडावरच्या छोट्या दोऱ्यांनी बांधा, अशा गाठीने की एका ओढीत सुटेल. हे बांधताना जोर लावू नका. ताण दोन टोकांच्या कड्यांवर यायला हवा, या दोऱ्यांवर आला तर कापड फाटतं.

४. शीड पुन्हा वर चढवा आणि पुढची कड ताणा.

५. ओढीचा बिंदू बदला. लहान केलेल्या शिडाचा क्लू आता पुढे आला आहे, म्हणून बिंदूही पुढे हवा.

ही पाचवी पायरी बहुतेक जण विसरतात. मग शीड लहान करूनही बोट नीट चालत नाही आणि दोष शिडाला दिला जातो.

काही बोटींवर शीड आवरायचा आणखी एक दोर असतो. तो डोलकाठीपासून निघून मागच्या कडेला वळसा घालून परत डोलकाठीकडे येतो. तो ओढला की सगळं शीड पडद्यासारखं डोलकाठीशी जमा होतं. बूम नसल्यामुळेच हे शक्य आहे. धक्क्याला लागताना, अचानक झोत आला असताना किंवा नांगर टाकताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पण हा आवरलेला गठ्ठा म्हणजे लहान केलेलं शीड नव्हे. वारा जोराचा असेल तर तो गठ्ठाही वारा धरतो. जास्त वेळ थांबायचं असेल तर शीड उतरवाच.

मुंबई-कोकणात चालवायची असेल तर

लगर आपल्याकडे क्वचितच दिसेल, पण छोट्या होडीला असं शीड लावायचं कुणाच्या मनात असेल तर दिवसाची वेळ नीट निवडा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि तो हलका असतो. निघणं सोपं, पण तो तुम्हाला किनाऱ्यापासून दूर नेतो. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून येतो आणि परतताना पाठीवर मिळतो. म्हणजे परतीला नेमकी तीच चाल येते, ज्यात हे शीड सर्वांत कच्चं आहे. वारा मागच्या कोपऱ्यावर घेऊन एक-दोन जाइबांनी यायचं, असं आधीच ठरवून निघा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारा खारा वारा भिडले की लाटा उभ्या राहतात, तेव्हा परतीची वेळ भरतीच्या पाण्याशी जुळवा. पावसाळ्याचे चार महिने हे सगळं मिटवून ठेवा.

परतल्यावर

शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. क्लूपाशी शिलाई तीन-चार थरांची असते, तिथे बोट फिरवून उसवलेला धागा शोधा. सगळा ताण त्या एका कोपऱ्यावर येतो, म्हणून बूम नसलेलं शीड फाटायला सुरुवात तिथूनच होते. शीट टोकाटोकाने उलटी करून बांधा, म्हणजे घासलेला भाग दर वेळी त्याच जागी येत नाही. ओढीच्या बिंदूची काठावरची खूण पुसट झाली असेल तर ती लगेच पुन्हा करा.